उपमुख्याध्यापकांच्या पसंतीचा लॅपटॉप

ओगुशी गावच्या माध्यमिक शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर तीन लॅपटॉप मांडून ठेवले होते. एप्रिलपासून प्रत्येक मुलाला एकेक मिळणार होता आणि कोणता, ते शिक्षकांनी ठरवायचं होतं. दोन चपटे, हलके. तिसरा काळा, जाडजूड आणि सकाळपासून सुरूच राहिल्याने चांगला तापलेला.

जानेवारीची थंडी. उपमुख्याध्यापक तोकोरो सर बाहेरून आले, काळ्यावर दोन्ही तळवे टेकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अहाहा!"

सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

दुपारी बैठकीत तोकोरो सर म्हणाले, "बोला, तुम्हाला कोणता बरा वाटतो?"

"काळ्यात दम आहे," विज्ञानाचे मिझोगुची सर म्हणाले.

"आवाजही भारदस्त आहे त्याचा," संगीताच्या बाईंनी दुजोरा दिला. आवाज त्याच्या पंख्याचा होता.

गणिताच्या नागाओका बाईंना मात्र सर्वांत हलका हवा होता. त्यांच्या सातवीच्या वर्गातली कोहारु रोज सायकलने खिंड ओलांडून येई आणि चढावर दप्तरच तिला मागे ओढी. त्यात हे धूड? बाईंनी तोंड उघडलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि म्हणाल्या, "वजन... भरीव आहे."

ठराव एकमताने झाला. कागदावर सह्यांच्या जागी सगळ्यांचे नावाचे शिक्के उमटले.

बाईंना काही चैन पडेना. मुलांनाच विचारावं, मुलं खरं बोलतात, असं ठरवून दुसऱ्या दिवशी त्यांनी काळा लॅपटॉप वर्गात नेला आणि कोहारुच्या हातात दिला. तिचे हात गुडघ्यांपर्यंत खाली गेले.

"कसा आहे गं?"

"छान आहे, बाई. हातात काहीतरी आहे असं वाटतं."

"जड नाही ना?"

कोहारुने बाईंचा चेहरा नीट वाचला. "जडच बरा. वाऱ्यात सायकल उडायची नाही."

हे हिला कोणी शिकवलं, असा प्रश्न बाईंना पडला. उत्तर फार लांब शोधावं लागलं नाही.

त्या तडक तोकोरो सरांकडे गेल्या. "सर, माफ करा. पण तुम्हाला आवडलेला तो लॅपटॉप..."

"मला?" सर दचकले. "अहो, मी हात शेकत होतो! तुम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक केलंत, म्हणून मी गप्प बसलो. उचलून पाहिला तेव्हा कंबर धरली माझी."

"मग बदलूया ना."

"कसा बदलणार? एकाचा जरी विरोध असता, तर फेरविचार करता आला असता. एकमत आहे हो!"

दोघं हताश होऊन बसली असतानाच कंपनीचे विक्रेते उशिजिमा आले. दारातच कमरेत वाकले आणि वर येईनात.

"क्षमा करा. तो काळा... नमुन्यातला नाही. माझा स्वतःचा आहे. माहिती दाखवायला आणला होता, टेबलावरच विसरलो. न्यायला आलो, तर तुम्ही सगळे त्याचं इतकं कौतुक करत होता, की तोंडच उघडवेना. तो आता बनतही नाही हो!"

तोकोरो सरांनी नागाओका बाईंकडे पाहिलं. मग जड आवाजात म्हणाले, "वाईट वाटतं. पण तुमची अडचण आम्ही समजू शकतो. हलक्यावर भागवू."

"तुम्ही इतके समजूतदार!" उशिजिमांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नागाओका बाई वर्गात परतल्या. "मुलांनो, काळा लॅपटॉप काही आपल्याला मिळणार नाही. सर्वांत हलका घ्यावा लागेल."

"अरेरे!" सगळा वर्ग अदबीने म्हणाला. कोहारुचा आवाज सर्वांत दुःखी.

बाई फळ्याकडे वळल्या. पाठीमागे कोणीतरी तोंड दाबून खिदळलं, मग दुसरं, मग बाकं हलायला लागली. मुलांचं पुरतं हसून होईपर्यंत बाई सावकाश, एकेक रेघ गिरवत, फळ्यावर तारीख लिहीत राहिल्या.