खाडीत अडकलेला अध्यक्ष

कादरचाचांच्या होडीत बसलं की अमेरिकेचा अध्यक्ष जन्माला येई. अलीकडच्या काठाला तो लाकडाच्या खोपटात पहिलं टँहँ करी, खाडीच्या मध्यावर चुलीच्या उजेडात अक्षरं गिरवी आणि पलीकडे पोहोचेपर्यंत एखाद-दुसऱ्या निवडणुकीत सपाटून आपटे. तेवढ्यात काठ येई. "बाकीचा परतताना!" म्हणत चाचा उतारूंना उतरवत आणि परतताना पुन्हा खोपटापासून सुरुवात करत. बोर्लीच्या बाजाराला जाणाऱ्या आम्हा मंडळींना तो बिचारा खुर्चीवर बसलेला कधी दिसलाच नाही.

तरुणपणी आगबोटीवर कोळसा ओढताना चाचांनी ही गोष्ट ऐकलेली. अध्यक्ष तांदळाची भाकरी नि सुका जवळा खाऊन वाढला, हे मात्र त्यांचं स्वतःचं संशोधन. "त्यानं पन होडी वल्हवलीय, मास्तर," ते मला बजावत. "होडीवाल्याच्या तकदिरीत खुर्ची असते."

अखेर लोकल बोर्डाच्या निवडणुकीला चाचा स्वतःच उभे राहिले. खुर्चीचा ध्यासच घेतला म्हणा ना! मतदान पलीकडच्या शाळेत. आमच्या काठची सगळी मतं चाचांची, आणि ती न्यायची चाचांच्याच होडीतून. आम्ही चढलो आणि मिठागरावरचा गणू म्हणाला, "चाचा, आज तरी त्याला निवडून आना!"

झालं. चाचांनी वल्ही आवरली आणि हातवारे सुरू केले. अध्यक्ष वकील झाला, भाषणं ठोकू लागला, आणि इकडे ओहोटी लागली. होडी गाळात रुतली. उतरावं तर कमरेइतका चिखल. समोर शाळेचं दार बंद झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. उमेदवार आपल्या सगळ्या मतांसकट खाडीत बसला होता.

"चाचा, पडलात की हो!" मी ओरडलो.

चाचांचा चेहरा पार उतरला. गाळाकडे बघत म्हणाले, "माझा जाऊ दे. त्याचा तरी निकाल लागू दे."

मग अध्यक्ष निवडून आला. शपथेला उभा राहिला. पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली त्याची माय.

माझ्यातला मास्तर कसला गप्प बसतोय! "चाचा, त्याची आई तो लहान असतानाच गेली. पुस्तकात आहे."

"ठावं हाय," चाचा हळू आवाजात म्हणाले. "माझी पन गेली, मी आगबोटीवर होतो तवा. मिट्टी द्यायला पन न्हवतो. पोर येवढा मोठा झाला नि बगायला माय न्हाय? माझ्या होडीत ती जिती हाय, मास्तर."

पुस्तकाचं नाव मी पुन्हा काढलं नाही. भरतीला अजून अवकाश होता. शेवटी गणूनंच विचारलं, "मंग माय काय म्हनली त्याला?"

चाचांनी डोळे पुसले.

"म्हनली, जेवलास काय रे?"