तुमिराबाईंची हाडं

"हो, येईन की," तुमिराबाई म्हणाल्या आणि ओट्यावर बसलेल्या दहाही बायकांना कळलं, की ही बाई काही केल्या येणार नाही. कळलं नाही ते एकट्या डॉक्टर रोतुआंना. त्यांनी इस्पितळातल्या हाडांच्या तपासणीसाठी वहीत नाव लिहून घेतलं.

डॉक्टरांचा तरी काय दोष? त्या सुमात्राच्या, तोबा तळ्याकाठच्या. तिकडची माणसं प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात, पण बोलतात ते सरळ. आम्ही जावाची माणसं. आमच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या अन्नात माती कालवणं. आम्ही हसून "येऊ की" म्हणतो, मग जात नाही, आणि बोलावणाराही वाट बघत नाही. योग्यकर्त्यातल्या आमच्या गल्लीत हे पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चाललं होतं.

तुमिराबाई अडुसष्ट वर्षांच्या. बेचाळीस वर्षं त्या पहाटे उठून जामू उकळत, बाटल्या बांबूच्या टोपलीत भरत, टोपली कापडानं पाठीला बांधत आणि दारोदार हे औषधी काढे विकत. हळद-चिंचेचा, आल्याचा, आणि सगळ्यात नावाजलेला तो हाडांचा कडू काढा. "माझ्याकडे बघा," ग्लास पुढे करत त्या म्हणत, "वाकलेय का कुठं?" हीच त्यांची जाहिरात. म्हणून तर हाडं किती ठिसूळ झालीत ते मोजणारं यंत्र त्यांना डोळ्यांसमोर नको होतं. उद्या कागदावर भलतंसलतं आलं, तर कडू काढा कोण पिणार? आणि बेचाळीस वर्षं लोकांना काय पाजलं, याचा जाब कुणाला द्यायचा?

"तुमिराबाई आल्या तर मी पण येते हं," शेजारच्या सार्जिलाबाई म्हणाल्या. हाही नकारच. मग बाकीच्या नऊजणींनी तेच सांगितलं. अकरा नकारांची डॉक्टरांनी हौसेनं यादी केली.

चार दिवसांनी तुमिराबाईंनी निरोप धाडला, की पुतणीचं लग्न निघालंय. शहाण्या माणसाला एवढं पुरे. डॉक्टरांनी लगेच तारीख पुढे ढकलली. मग तुमिराबाईंना सर्दी झाली. डॉक्टर औषध घेऊन घरी आल्या, घसा तपासला आणि म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत ठणठणीत व्हाल. काळजी करू नका."

हे आता फारच झालं. तुमिराबाई तडक गल्लीच्या प्रमुखांकडे, पाक दुलांकडे गेल्या. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानानं पाक म्हणतो.

"पाक, डॉक्टरीणबाईंना जरा समजावून सांगा की."

"काय सांगू?"

"हेच की, आमची सगळ्यांची यायची फार इच्छा आहे."

"अरे बापरे!" पाक दुलांना प्रकरण किती चिघळलंय ते तत्काळ समजलं. ते त्याच संध्याकाळी डॉक्टरांना भेटले आणि आपल्या परीनं निक्षून बोलले. "डॉक्टर, आमच्या बायका फारच उत्सुक आहेत हो."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मोठी बस सांगितली.

गुरुवारी बसच्या अंगावर फलक झळकला, 'तुमिराबाईंच्या पुढाकाराने'. आता घरात बसणं म्हणजे उभ्या गल्लीसमोर डॉक्टरांचा अपमान. अकराजणी ठेवणीतली लुगडी नेसून, मुकाट्यानं बसमध्ये चढल्या. वाटेत जी ती शेजारणीकडे, ही तरी नाही म्हणेल या आशेनं, बघत होती. 

इस्पितळात यंत्राच्या खोलीबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "तुमिराबाई, तुमच्या मनात आहे ना? नसेल तर नाही म्हणा. मला काही वाटणार नाही."

अडुसष्ट वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. त्यांचे कान लाल झाले.

"नाही!" तुमिराबाई एवढ्या जोरात ओरडल्या की औषधाच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावला. "नाही करायची मला! हाडं माझी, माझ्या कातड्याच्या आत आहेत, कुणाला दाखवायची नाहीत!"

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि नाव खोडलं.

एवढंच? आभाळ कोसळलं नाही, कुणी रुसलं नाही. दहाजणींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पिशव्या उचलल्या.

"बरं झालं बाई," सार्जिलाबाई कानाशी लागल्या. "भलतं काही आलं असतं, तर तुमचा काढा कुणी तोंडात तरी धरला असता का?"

मनातलीच भीती, पण दुसरीच्या तोंडून ऐकली आणि तुमिराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा काढा कागदाला भिणार?" त्यांनी डॉक्टरांच्या हातातली वही ओढली. "लिहा परत! पहिलं नाव माझं!" आणि लुगड्याच्या पिना काढत त्या आत शिरल्या.

त्या शिरल्यावर उरलेल्यांची काय बिशाद! पिशव्या परत खाली ठेवल्या गेल्या.

दुपारी डॉक्टरांनी एकेकीला आत बोलावलं. "तुमिराबाई, हाडं विरळ झालीत. आकडा उणे दोन पूर्णांक सहा."

"उणे? कुणापेक्षा?"

"तिशीतल्या बाईपेक्षा."

"तिशीतल्या बाईला माझी टोपली उचलून दाखवायला सांगा!"

डॉक्टर खळखळून हसल्या. "टोपली सोडा असं कुठं म्हणतेय मी? निम्मी भरा, आणि पडू नका. आठवड्यातून एक गोळी. मंगळवारी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ताठ बसायचं. वाकायचं नाही, काही प्यायचं नाही. तुमचा काढासुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये "कसा आला कागद?" असं जिला तिला विचारून झालं. "छान." "देवाच्या दयेनं बरा." "अगदी छान." तुमिराबाईंनाही छान म्हणता आलं असतं. कुणी कागद मागणार नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या जिभेला सरळ बोलायची चटक लागली होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी टोपली पाठीला बांधून त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांनी खणखणीत आवाज दिला. "ऐका गं! माझी हाडं विरळ झालीत! बेचाळीस वर्षं कडू काढा पिऊन! घ्यायचा त्यांनी घ्या, नको असेल त्यांनी तोंडावर सांगा!"

 मग सार्जिलाबाई बाहेर आल्या. कडू काढ्याचा ग्लास त्यांनी एका घोटात संपवला, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ती गोळी तुम्हाला पण मंगळवारचीच दिलीय का हो?"

त्या मंगळवारी सकाळी आमची गल्ली झाडली गेली नाही. सात घरांच्या पायऱ्यांवर सात बायका, पाठीला फळी बांधल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. आठव्या घराच्या पायरीवर तुमिराबाई होत्या. त्यांची नजर घड्याळावर होती आणि भरलेले आठ ग्लास शेजारी झाकून ठेवले होते.