पाव तास मागं राहिलेला टिळा

नेपाळातल्या आमच्या तानसेनमध्ये दोन घड्याळं एकमेकांशी पटवून घेत नाहीत, आणि याची चीड अख्ख्या गावात फक्त मला! म्हणून दसैंच्या, म्हणजे आमच्या दसऱ्याच्या, सकाळी मी आमच्या एफएम केंद्राचा कॉम्प्युटर इंटरनेटच्या टाइम सर्व्हरला जोडला आणि केंद्रप्रमुखांना ठणकावलं, "रजनीदीदी, आता सेकंदाचीही चूक नाही!"

"हेमराज, मुडद्या, आजच हात लावायचा होता?"

दीदींचं बरोबर होतं. मुहूर्ताला कॉम्प्युटर आपोआप शंख वाजवणार, आणि तो रेडिओवर ऐकल्याशिवाय गावात कुणी कुणाला दसैंचा लाल अक्षतांचा टिळा लावणार नाही. माझे सासरे सुभेदार थापासुद्धा! लग्नानंतरचा माझा पहिला दसैं. मी केंद्राचा तंत्रज्ञ, आणि मला चारचौघांत 'तारा पिळणारा' म्हणतात काय? आज दाखवतोच!

फोन खणाणला. सासरेच!

"जावईबापू, मुहूर्त झाला, शंख कुठाय? चिमटीत अक्षता धरून बसलोय मी!"

"तुमचं घड्याळ पुढं आहे. मागं करा!"

"पलटणीतलं घड्याळ आहे हे!"

"असेल! इंटरनेटचं नाही ना?"

मग फोनांनी नुसता ऊत आणला. मी एकाची भीड ठेवली नाही. भटजींनाही सुनावलं, "पंचांग बदला!"

तेवढ्यात दीदी कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकल्या आणि किंचाळल्या, "अरे, इथं 'कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' का लिहिलंय?"

घात झाला! कॉम्प्युटर गोरखपूरहून आणलेला, त्यात वेळ भारताची. नेपाळ पाव तास पुढं, म्हणून मी इतकी वर्षं काटा हातानंच पुढं ढकलत होतो. सर्व्हरनं माझी लबाडी इमानेइतबारे दुरुस्त केली होती!

"बघतोस काय? वाजव शंख!"

वाजवला. मुहूर्त केव्हाच उलटला होता. लगेच पुन्हा सासरे!

"तुमच्या सांगण्यावरून घड्याळ मागं केलं, तर शंख आता त्यातल्या मुहूर्ताच्याही आधी?"

मी फोन ठेवून दिला.

दुपारी सासुरवाडीला गेलो. अंगणभर लाल कपाळं, आणि सगळी माझ्याकडेच वळलेली! दीदींनी तोवर 'मुंबई'चा घोळ फोनवरून सगळ्यांना सांगून टाकला होता. मान खाली घालून बसलो. सासऱ्यांनी अक्षतांची चिमूट माझ्या कपाळासमोर आणली आणि हात तिथंच थांबवला.

"बाबा, लावा ना आता," बायको काकुळतीला आली.

"थांब गं. यांच्या मुंबईत मुहूर्त लागायचाय अजून!"

चांगला पाव तास बसवलं हो मला तसंच. आणि म्हाताऱ्याचा हात एवढासुद्धा हलला नाही!