चार बोटांचा फरक

माणसाने आयुष्यात एकदा तरी ऐपतीबाहेरची गोष्ट घ्यावी, असं माझं मत होतं. आता नाही. आता माझं मत असं आहे की नवऱ्याने मत बाळगू नये, बायको बाळगते तेवढं घराला पुरतं.

मी वजनमापे खात्यात कारकून. तराजू खरा आहे का, दुकानदाराचा मीटर शंभर सेंटीमीटरचाच आहे का, हे तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. एखाद्या दिवशी खिशात रुमाल नसेल, पण टेप असतेच. अशा माणसाने गेल्या वर्षी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. लाल. दोनच सीट. आत बसायचं म्हणजे आधी जवळजवळ रस्त्यावर बसायचं आणि मग सरकत आत शिरायचं. बाहेर पडताना बायको हात देते. (एकदा ती घरी नव्हती, तेव्हा मी पाऊण तास आतच पेपर वाचत बसलो होतो.)

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एका रविवारी मी कुठेसं वाचलं की खऱ्या स्पोर्ट्स कारला सिरॅमिकचे ब्रेक हवेत. झालं! त्या दिवसापासून साधे लोखंडी ब्रेक दाबताना मला कमीपणा वाटायला लागला.

आता आमच्या घरात सिरॅमिक हा विषय माझा नाही, हिचा. ही मातीची भांडी घडवते. मागच्या गॅलरीत हिचं चाक, कोपऱ्यात मातीच्या बादल्या, फळ्यांवर वाडगे, मग, फुलदाण्या. इतक्या वर्षांनी हिच्या भांड्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, हॉलसुद्धा मिळाला होता. राहिली होती फक्त घरची भट्टी. त्यासाठी आम्ही दोघांनी पैसे बाजूला ठेवले होते. म्हणजे ठेवले होते हिने, मी फक्त ते कुठे आहेत हे पाहून ठेवलं होतं.

"अगं, हे ब्रेक झिजतच नाहीत. आयुष्यभर टिकतात," मी विषय काढला.

"कुणाच्या आयुष्यभर?"

"गाडीच्या."

"ती आधीच सोळा वर्षांची आहे. अजून किती जगणार आहे?"

"पण काळा भुगा पडत नाही चाकांवर!"

"चाकं फिरली तर भुगा पडेल ना. आणि भट्टीचं काय?"

"भट्टी पुढच्या वर्षी. तोवर तुला भांडी शिकवणाऱ्या बाईंच्या भट्टीत भाजून आण की. गावाच्या त्या टोकाला तर राहतात."

"कच्ची भांडी गावाच्या त्या टोकाला न्यायची? दार जोरात लावलं तरी तडा जातो त्यांना!"

"म्हणून तर ब्रेक चांगले हवेत," मी म्हणालो.

यावर ही काहीच बोलली नाही. हिचं गप्प बसणं म्हणजे होकार, अशी मी सोयीची समजूत करून घेतली. (बावीस वर्षं वजनमापात काढूनही बायकोच्या मौनाचं वजन मला कधी करता आलं नाही.)

मेकॅनिक सरळ माणूस. त्याने मला आधीच सांगितलं होतं, "साहेब, हे ब्रेक ट्रॅकवर रेस करणाऱ्यांसाठी. भरपूर तापले की मग त्यांची खरी मजा. तुम्ही किती स्पीडने चालवता?"

"पंचवीस. उतार असेल तर तीसही होतो."

"मग तुम्हाला चप्पल घासली तरी पुरेल," तो म्हणाला. पण मी ऐकायला हवं ना! बसवले.

डबा उघडला तेव्हा हिने त्यातली एक चकती उचलून नखाने टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. "किती छान भाजलीय हो!" ही मनापासून म्हणाली. मग चकती खाली ठेवून म्हणाली, "गाडीच्या चाकांना भट्टी मिळाली. चला, घरात कुणाला तरी मिळाली."

हे लागलं मला. पण मी हाडाचा मापाडी. फायदा आकड्यात दाखवल्याशिवाय ही गप्प बसणार नाही, म्हणून मी ठरवलं की मोजूनच दाखवू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी रस्त्यावर एक आडवी पांढरी रेघ मारली. पंचवीसच्या वेगाने यायचं, पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा, आणि गाडी कुठे थांबते ते टेपने मोजायचं. जुने ब्रेक काढायच्या आधी मी मोजून घेतलं, अकरा फूट दोन इंच. नव्यांचं भरलं दहा फूट अकरा इंच.

तीन इंच! म्हणजे चार बोटं! मला तर स्वर्ग दोनच बोटं उरला.

"चार बोटांसाठी माझी भट्टी गेली?" हिने विचारलं.

"अगं, वेळ आली की चार बोटंच जीव वाचवतात."

तरी खात्री हवी म्हणून मी पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मोजत राहिलो. हे ब्रेक थंड असताना असे किंचाळायचे की वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर घड्याळ लावायला लागले. "रेघ आली वाटतं," असं म्हणून ते चहाचं आधण ठेवायचे. मला मात्र समाधान होतं. रेघ दिसली की पाय आपोआप खाली जायचा, विचारसुद्धा करावा लागत नव्हता.

आणि मग भांडी भाजायला न्यायचा दिवस उजाडला. प्रदर्शनाला पाच आठवडे राहिले होते. बासष्ट भांडी, सगळी कच्ची, सुकून खडखडीत. माझ्या गाडीच्या डिकीत एक छत्री मावते, तीही तिरकी, म्हणून हिने भावाला बोलावलं. माझा मेहुणा लाँड्रीची व्हॅन चालवतो. त्याने व्हॅनमध्ये जाड चादरींच्या घड्या पसरल्या, त्यावर भांडी मांडली, आणि ही स्वतः मागे जमिनीवर बसली, कंबरेएवढ्या फुलदाणीला मिठी मारून. त्या एका फुलदाणीसाठी हिने दोन आठवडे घातले होते.

"तुम्ही ऑफिसला जा," ही मला म्हणाली.

"छे, मी पुढे राहतो. खड्डा दिसला की हात दाखवतो."

"दाजी, नका," मेहुणा म्हणाला. "मला खड्डे दिसतात."

पण मी ऐकतो का! सरकत आत शिरलो आणि निघालो. मागे व्हॅन. मी डोळ्यांत तेल घालून खड्डे शोधत होतो. गल्लीत एकही खड्डा नव्हता. रेघ होती.

पाय गेला खाली.

काय थांबली हो गाडी! जागच्या जागी. त्या दिवशी ब्रेक किंचाळलेसुद्धा नाहीत. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि सवयीने मी खिशातून टेप काढतोय, तोवर मागून "ठण्ण!" झालं. त्याच्या पाठोपाठ बराच वेळ बारीक बारीक आवाज येत राहिले. आवाजावरूनच मी ओळखलं की बासष्टमधलं फारसं काही उरणार नाही.

मी खिडकीतून मान काढून मागे पाहिलं, तर व्हॅनचं बाजूचं दार सरकलं. ही बसली होती तशीच बसली होती. केसांत, भुवयांवर मातीची भुकटी, आणि मिठीत फुलदाणीचा नुसता गळा.

"मांजर आडवं आलं का?" हिने विचारलं.

"नाही."

"माणूस?"

"नाही."

"मग होतं काय रस्त्यावर?"

"रेघ," मी म्हणालो.

हिचे डोळे भरून आले. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या क्षणी मला त्या गाडीची इतकी लाज वाटली की तीच उचलून कुठेतरी फेकून द्यावी. (पण तिला उचलायचं म्हणजे आधी मला तिच्यातून बाहेर पडायला हवं होतं, आणि आज हात द्यायला कुणी आलं नाही.)

मेहुणा मात्र आला. हात द्यायला नव्हे. त्याने खिडकीतून माझ्या हातातली टेप घेतली, मागे जाऊन गाडीला पडलेला पोचा मोजला, आणि परत आला.

"दाजी, तुमच्या नव्या ब्रेकने किती वाचतात म्हणालात?"

"तीन इंच."

"पोचा तीन इंचांचा आहे. जुने ब्रेक असते तर तुम्ही चार बोटं पुढे थांबला असता, आणि मी तुम्हाला शिवलोसुद्धा नसतो."

वरून हेडमास्तरांचा आवाज आला, "आज रेघ आली की नाही हो? आधण ठेवायचंय!"

घरी आल्यावर हिने सगळे तुकडे बादल्यांत टाकले आणि वर पाणी ओतलं. माती कच्ची होती म्हणून निभावलं, भिजली की पुन्हा माती. मी दुसऱ्याच दिवशी मेकॅनिककडे गेलो आणि ब्रेक परत विकायला काढले. त्याने चकत्या उजेडात धरून पाहिल्या. "साहेब, घेणारा लगेच मिळेल. हे एकदाही तापलेले नाहीत!" जुने लोखंडी ब्रेक मी मोठ्या रुबाबात भंगारवाल्याला देऊन टाकले होते, त्यामुळे गाडी विटांवर चढली. आठवड्याभरात घरात भट्टी आली. रोज ऑफिसातून आल्यावर मी बाह्या सरसावून माती मळायचो, ही चाकावर बसायची. बोलायची नाही. चौथ्या आठवड्यात एकदा म्हणाली, "बरी मळता हो." त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

प्रदर्शन वेळेवर झालं आणि छान झालं. नवी फुलदाणी तर जुनीपेक्षा वीतभर उंच होती. आता गाडीला साधे ब्रेक बसवायला हरकत नाही, पण काचा बंद केल्या की आत भांडी फार सुरेख सुकतात, सावकाश, तडा न जाता. त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटवर सध्या वाडगे असतात आणि शेजारी मग. मी बसतो व्हॅनमध्ये, मेहुण्याच्या बाजूला, तोंड बंद ठेवून.

परवा हेडमास्तर जिन्यात भेटले. "काय हो, हल्ली गाडी किती फुटांत थांबते?"

"शून्य फूट, शून्य इंच," मी छाती काढून म्हणालो. "याहून चांगला आकडा जगात कुणाचा नसेल!"

"शून्य कसं?" मागून ही वाडगे घेऊन येत म्हणाली. "सकाळीच वीट खचून गाडी बोटभर पुढे सरकलीय. आणि म्हणे वजनमापे खात्यात आहेत!"