मर्द माणसाच्या निऱ्या

आमच्या शेजारचे बोंडेकाका मेथीची जुडी हेल्मेटमध्ये लपवून आणतात. हेल्मेट उलटं धरायचं, त्यात भाजी, वरून रुमाल. पिशवी घेऊन गोल बाजारात फिरणं हे त्यांच्या मते बायकांचं काम. सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, मिशा मात्र अजून ड्यूटीवर आहेत. भुरभुर पावसात छत्री घेणार नाहीत. डोळ्यांत औषध टाकतानाही दार लावून घेतात. न जाणो, कोणी म्हणेल रडून राहिला! "मर्द माणूस आहे मी," हे दिवसातून दहादा. आम्ही पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका मागून खूप हसायचो.

यंदा महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी हेच काका माझ्या दारात उभे. घामाघूम.

"मीना, माह्यासाठी एक खोटं बोल. आधी हव म्हण."

"हव. पण झालं काय?"

काकूंचा उजवा हात मोडून आठवडा झाला होता. त्यांच्याकडच्या उभ्या महालक्ष्म्यांच्या नऊवारी नेसणीचं इथल्या मराठी बायकांत केवढं नाव! संध्याकाळी त्याच बायका हळदीकुंकवाला येणार होत्या.

"तुह्या काकूले नेसवता येतच नाही," काका कुजबुजले. "तीस वर्षं झाले, मीच नेसवून राहिलो. दार लावून. आता बायका म्हणतील, हिचा हात तं मोडला, मंग नेसवली कोणं? तू सांग, मी नेसवली."

मला हसूच फुटलं. "अरे बाप्पा! सांगून टाका ना खरं. एवढे काहून भेता?"

काका हसले नाहीत. "आठ वर्षाचा होतो. आई नेसवे, मी पाहू पाहू शिकलो. एक दिवस बाबानं दारातून पाहिलं. थेच लुगडं मले नेसवलं अन् अंगणात उभं केलं. सारी गल्ली बोलावली हसाले."

माझं हसू तिथंच विरलं. मला साधी पाचवारी धड नेसता येत नाही, आणि देवीला नऊवारी मी नेसवली म्हणून सांगायचं!

बायका आल्या, आणि विचारलंच. "मी नेसवली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. काका दाराबाहेर उभे होते. बायकांत मर्दानं यायचं नाही, हा त्यांचाच नियम.

तेवढ्यात ओटी भरताना कोणाचा तरी धक्का लागला आणि धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या सुटल्या.

"अवो मीना, सावर ना लवकर! उघडी पडून राहिली देवी!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी काष्टा धरू की पदर? दोन्ही एकदम धरायला गेले. साडी आणखीच घसरली.

दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. काका आत आले. कोणाकडेही न बघता खाली बसले, पिना दातांत धरल्या आणि एकेक निरी बोटावर घेत गेले. घाई नाही, गडबड नाही. काकू प्लास्टरमधला हात छातीशी धरून नुसत्या बघत होत्या.

निऱ्या खोचून झाल्या तरी काका उठेनात. मान खाली, कान लालभडक. आता हसतील, आता हसतील, म्हणून ते थांबले होते.

कोणी हसलं नाही. सगळ्यांत म्हाताऱ्या कुसुमआजी पुढे वाकल्या. त्यांनी निरीवरून हात फिरवला.

"कोणं शिकवलं रे तुले हे?"

"आईनं," काका म्हणाले, आणि उगाच एकदा दाराकडे बघून घेतलं.