चाळीसपैकी शून्य

घरात जुळी पोरं दोन आणि स्कूटर एक, सगळा घोळ तिथून सुरू झाला. मुलगा अकरा मिनिटांनी मोठा, म्हणून तो ‘दादा’. त्याच अकरा मिनिटांपायी मुलगी जन्मभराची ‘बारकी’. अक्कल वाटत होते तेव्हा मात्र बारकी रांगेत पुढे उभी असणार. दोघांना एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पाठोपाठ पत्र आलं: गणित आणि रसायनशास्त्राची वर्गनिश्चिती चाचणी होईल. चाळीस-चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. ज्या विषयात कमी गुण पडतील त्यावर वर्ग ठरेल. चौदाच्या खाली पायाभूत, चौदापासून नियमित, तिसाच्या वर प्रगत.

आईने बाकी सगळं सोडून वेळापत्रक वाचलं. ती शिवणकाम करायची, कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा माप घेणारी बाई. पायाभूत वर्ग सकाळी सात ते एक. नियमित आणि प्रगत, दोन्ही बारा ते सहा. आणि कॉलेज गावाबाहेर, दोन बस बदलून दीड तास.

“म्हणजे दादा पायाभूतला जाणार, एकला सुटणार आणि तू बाराला तिथे हवीस,” आई म्हणाली. “स्कूटरचे काय दोन तुकडे करू?”

“दादाला अभ्यास करायला सांग ना.”

आईने पंख्याखाली आडव्या पडलेल्या दादाकडे पाहिलं. “ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा तूच खाली ये. काही उत्तरं चुकव. पहिलंच वर्ष आहे, काय बिघडतंय?”

“मी ऐकतोय हां,” दादा पडल्या पडल्या म्हणाला.

“ऐक, ऐक. तेवढंच येतं तुला.”

प्रगत वर्गाला आठवड्यातून तीनदा प्रयोगशाळा मिळते, हे बारकीला माहितीपत्रकातल्या पानासकट पाठ होतं. पायाभूतला वर्षभर नुसता खडू आणि फळा. पण दिवसभर मशीनवर वाकून आईची पाठ धरते, हेही ती रोज बघत होती. दुसऱ्या स्कूटरचं नाव काढायला तिची जीभ रेटेना. “बरं,” ती म्हणाली, आणि तिला फार वाईट वाटलं.

आता चुकवायचं म्हणजे किती चुकवायचं, हे काही आईने सांगितलं नव्हतं. आणि अर्धवट काम करणं बारकीच्या रक्तात नव्हतं. चुकून चौदा पडले तर सगळंच मुसळ केरात! म्हणून तिने प्रत्येक प्रश्न आधी नीट सोडवला, उत्तर पुन्हा पडताळून पाहिलं आणि मग शेजारचा गोल काळा केला. सगळ्या खोलीत घाम पुसत चुकीची उत्तरं लिहिणारी ती एकटीच असेल. पुढच्या बाकावर दादाने पंचवीस मिनिटांत पेपर संपवला आणि डोकं टेकून झोप काढली.

चौथ्या दिवशी निकाल लागला. दादा: गणित सोळा, रसायन नऊ, वर्ग पायाभूत. बारकीच्या क्रमांकापुढे गुण नव्हतेच. नुसतं लिहिलं होतं, ‘पालकांसह रसायन प्रयोगशाळेत भेटावे.’

“पकडलं वाटतं,” आई जिना चढताना पुटपुटली. “तू तोंड उघडू नकोस. मी बोलते.”

प्रयोगशाळेत रसायनाचे सर आणि गणिताच्या बाई बसल्या होत्या. सर बारीक, चष्मा कपाळावर. बाई ठणठणीत. बाईंनी दोन उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. “दोन्हींत शून्य,” त्या म्हणाल्या.

“अहो, पोरगी मंदच आहे,” आईने सुरुवात केली. हे बोलताना तिला ठसका लागला, कारण असलं काही ती आयुष्यात प्रथमच म्हणत होती. “द्या तिला सगळ्यात खालचा वर्ग. आमची काही तक्रार नाही.”

“ताई, मंद मुलाला शून्य पडत नाही,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटून गोल काळे केले तरी चाळीसात दहाएक बरोबर येतात. एका पेपरात शून्य पडायची शक्यता लाखात एक.”

“माझी मुलगी लाखात एक आहे, हे मला तुम्ही कशाला सांगायला हवं?” आईच्या तोंडून निघून गेलं.

“आणि दोन्ही पेपरांत शून्य म्हणजे हजार कोटींत एक. जगात तेवढी माणसंसुद्धा नाहीत! चाळीसही उत्तरं चुकवायची तर चाळीसही माहीत असावी लागतात.”

सर बारकीकडे वळले. “पाण्याचं सूत्र काय गं?”

“आठवत नाही, सर.”

“बरं. मीठ कशाचं बनतं?”

“समुद्राचं.”

सरांनी मान हलवली, कपाटातून एक काळपट बाटली काढली आणि बाईंना म्हणाले, “नाही येत हो हिला काही, उगीच संशय घेतला आपण. बरं, हे सोडियम जुनं झालंय. ओतून टाकतो.” आणि ते बेसिनकडे निघाले. नळ चालूच होता.

“सर!” बारकी स्टूल पाडून धावली. “पाण्यात नका टाकू! पेट घेईल ते! रॉकेलात ठेवायचं असतं, इकडे द्या, हात ओले आहेत तुमचे!”

तिने बाटली हिसकावून घेतली. बाटली रिकामी होती. बारकी बाटली पोटाशी धरून रडायला लागली. “मला प्रगत वर्गात बसायचंय,” ती हुंदके देत म्हणाली. “मला ही प्रयोगशाळा पाहिजे. स्कूटर नको मला, मी बसने येईन.”

आईने तिच्याकडे पाहिलं. पदराने आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “आधी नाही का सांगायचं, बये?” ती म्हणाली. “मी मापं घेतली ती स्कूटरची, तुझी घ्यायची राहूनच गेली.” मग तिने सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी उलट्या उत्तरपत्रिका सुलट्या धरून वर्ग लिहून टाकला: प्रगत.

बारकीचं भलं झालं, पण सात आणि बाराचा तिढा तसाच राहिला. आईने मोर्चा दादाकडे वळवला. शनिवारी फेरचाचणी होती, त्याला फक्त रसायन द्यायचं होतं. बारकीने चार दिवस त्याच्यासमोर घसा कोरडा केला. चौथ्या दिवशी तिने विचारलं, “सोडियम कशात ठेवतात?” दादा म्हणाला, “फ्रीजमध्ये.” तिने वही मिटली आणि दोन्ही बसगाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

सोमवारी निकाल लागला. दादा, रसायन: सतरा. वर्ग नियमित!

आईला आधी खरंच वाटेना. तिने शेजारणीला गॅलरीतून ओरडून सांगितलं, मग दादाच्या पाठीत एक प्रेमाचा धपका घातला. “बघ! मनावर घेतलंस की होतं! आता जा दोघं एका स्कूटरवर.” दादा मात्र सुतकात बसल्यासारखा बसला होता. आई आत गेल्यावर बारकीने त्याला गाठलं.

“काय झालं रे? पास झालास की!”

“तेच तर ना.” दादा जमिनीकडे बघत होता. “तुला शून्यावर प्रगत मिळालं. म्हटलं, आपणही शून्य काढू. एकेका प्रश्नाला जे उत्तर बरोबर वाटेल ते सोडून दुसरंच लिहिलं. चाळीसच्या चाळीस. झोपलोसुद्धा नाही.”

बारकीने हसू दाबायचा फार प्रयत्न केला. “आणि सतरा बरोबर आली?”

“सतरा,” दादा म्हणाला. “आईला सांगू नकोस हां. मन लावून नापास व्हायला गेलो, तर त्यातही नापास झालो.”