अंगाचं अस्तर आणि परसूमामा

सीमाभागातल्या आमच्या वडगावात कुणाचं लग्न असलं, की परसूमामा कार्यालयात आत कधी सापडत नाहीत. ते बाहेर चपलांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले असतात. एकेक चप्पल उचलायची, उलटी करायची, टाच निरखायची आणि मान हलवायची. नव्या पाहुण्यांना वाटतं, चोर आहे. मागच्या लगीनसराईत संकेश्वरच्या एका व्याह्यानं तर त्यांचं मनगटच धरलं. मामा शांतपणे म्हणाले, "ही तुमची व्हय? डावी टाच पार गेलीया. उजव्या खुब्यात वढतंय न्हवं?" व्याह्याचा हात आपोआप खुब्यावर गेला. थोड्या वेळानं ते गृहस्थ सतरंजीवर पालथे पडून कण्हत होते आणि आत भटजी त्यांच्या नावानं ओरडत होते.

परसूमामा मूळचे विणकर. घरात बापापासून माग. मधेच काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, त्यांनी माग सोडला, पुण्याला जाऊन हातानं अंग मोकळं करायचं शिक्षण घेतलं आणि शेजारच्या खासबागेत एका खोलीत गादी टाकली. तेल नाही, यंत्र नाही, नुसते हात. त्याला मालिश म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "मालिश घोड्याला करत्यात! आरं, कातड्याखाली डोस्क्यापासनं टाचंपातुर एकच अस्तर असतंय. ते एकीकडं आकसलं की अख्खा मानूस वाकडा हुतोय. मी अस्तर सोडवतो." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "दुखतंय हितं, वढतंय तिथनं!"

माणसाकडे ते कापड म्हणूनच बघतात. समोरच्या आक्का म्हणजे 'धुऊन आटलेला खण'. आमचे हेडक्लार्क म्हणजे 'खळ जास्त झालेलं धोतर'. मी कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणारा. माझ्या पाठीवर त्यांनी अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हितं तर सीमाप्रश्न हाय रं! मान एकीकडं, कंबर दुसरीकडं, आनी मधल्या गावाला कोन इचारतंय?" कण्हायची सोय नाही. मराठी माणूस कण्हला तर मराठीत दटावतात, कन्नड कण्हला तर कन्नडात.

पण सगळ्या गावाच्या पाठी सोडवणाऱ्या या माणसाला एक पाठ काही मिळत नव्हती. थोरल्या भावाची.

यल्लाप्पाअण्णा आमच्याच गल्लीत राहतात. परसूमामांनी माग सोडला त्या दिवसापासून अण्णांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. "बाचा माग टाकून लोकांची अंगं चोळत फिरतंय," एवढंच ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आणि आता अण्णांचा उजवा खांदा आखडत चालला होता. मामा रोज सकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि दूध आणायला निघालेल्या भावाकडे टक लावून बघायचे.

"किटली डाव्या हातात घेतलीया बघ. आसंच ऱ्हायलं तर दिवाळीपातुर हात वर जायचा बंद हुईल. माग थांबला की ह्यो मानूस संपला रं." आणि लगेच माझ्यावर खेकसायचे, "तू सरळ बस की!"

"मामा, जाऊन सरळ हात लावा ना."

"लावू दील तवा! दारात उभा ऱ्हायलो तर दार लावून घेतंय." मग त्यांनी माझे दोन्ही हात धरून चपलांसारखे उलटेसुलटे करून निरखले. "तुला लावू दील की."

झालं! दुसऱ्या दिवशीपासून माझी शिकवणी सुरू. मामा पालथे पडायचे आणि मी त्यांच्या खांद्याशी झटापट करायचो. "बोटाच्या टोकानं न्हवं, कडंनं. तुटका धागा चाचपतोयस आसं समज. दाबू नगंस, वाट बघ." अहो, तुटका धागा सोडा, मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही! "कोपर खाली! कोपर हाय का कोंबडीचा पंख?" शेवटी कंटाळून म्हणाले, "जा. मानूस मरनार न्हाय एवढं आलंय तुला."

रविवारी अण्णांचा माग बंद होता. मी जाऊन थाप मारली, "अण्णा, एक कोर्स लावलाय. जरा तुमच्या खांद्यावर सराव करू?" लहानपणापासून बघितलेल्या पोराला नाही म्हणवेना, आणि दुखत तर होतंच. कुरकुरत ते चटईवर पालथे झाले. मी देवाचं नाव घेऊन बोटांची कड टेकवली आणि वाट बघत राहिलो. हळूहळू अण्णांचा श्वास लांब झाला.

"हे चाचपनं कुनी शिकवलं तुला?"

"कोर्समध्ये..."

"थापा मारू नगंस. आसा धागा आमचा बा चाचपायचा. आमा दोघा भावांस्नीच शिकवलंय त्यानं."

मी घाईघाईनं जोर लावला. कोपर वर गेलं, आणि तेवढ्यात खिडकीतून गर्जना झाली, "कोपर खाली घे रं, बैला!"

बघतो तर खिडकीच्या गजांना परसूमामा चिकटलेले! आपण काय करून बसलो हे ध्यानात येताच ते भिंतीआड खाली बसले. मी म्हटलं, संपलं. आता दोघं भांडणार आणि मधल्यामधे मी मरणार.

अण्णांनी मान वर केली नाही. चटईत तोंड घालूनच म्हणाले, "दार उघडं हाय म्हनावं त्येला."

मामा आत आले. रस्त्यात कुणाही अनोळखी माणसाच्या पाठीवर बिनदिक्कत हात टाकणारे परसूमामा भावाशेजारी गुडघे टेकून बसले. दोन्ही हात पुढे केले, आणि ते हात पाठीपासून वीतभर वरच राहिले. खाली येईनात. मी चटईवरून बाजूला सरकलो.

"ठेव की रं," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी त्या कट्ट्यावरनं नुसता बघत बसतोस. किती दीस लांबनंच बघनार हैस?"